ठेवू की परत करू?
लॅमिंग्टन रोडवरून आणलेला लॅपटॉप रात्री दिवे मालवून तपासला. काळ्या स्क्रीनवर डाव्या कोपऱ्यात पिवळसर उजेड झिरपत होता आणि मधोमध एक हिरवा ठिपका, मोहरीहूनही बारीक.

ठेवला तर? कोपऱ्यातला उजेड आयपीएस प्रकारच्या स्क्रीनला थोडाफार असतोच, दिवसा एक्सेलमध्ये दिसतही नाही. बदलून आणलेल्यात जास्तही निघेल.

परत करायचा तर लोकलच्या गर्दीत खोकं सांभाळा. पण ठिपक्याचं काय? स्क्रीनवर १९२० गुणिले १०८० म्हणजे २० लाखांवर पिक्सेल, म्हणजे चित्राचे बारीक ठिपके, त्यातला एकच हिरव्यावर अडकलेला, तरी नजर मेली तिथेच जाते! आणि एका पिक्सेलसाठी वॉरंटीत स्क्रीन सहसा बदलून मिळत नाही. जे काही व्हायचं ते परतीच्या मोजक्या दिवसांतच. कोपऱ्यात असता तर सोडला असता. उद्या निघतोय, बिल आणि थर्माकोलसकट.