युनियन फोर्स बाइंडिंग: माल दणकट, बसवताना घाई नको

स्नोबोर्डवर बूट धरून ठेवणाऱ्या बाइंडिंगची पार्क (उड्या-कसरतींचा भाग), सपाट केलेला उतार आणि भुसभुशीत बर्फ या सगळ्याला एकच जोडी हवी असेल, तर युनियन कंपनीचं फोर्स घ्यायला हरकत नाही. ताठपणा मध्यम, किंचित कडक बाजूचा. अगदी नवख्याला ते पायाखाली जरा हट्टी वाटेल. बेसप्लेट (बुटाखालचा पाया) आणि हीलकपवर (टाचेमागची कमान) आजीवन वॉरंटी आहे. स्ट्रॅप, रॅचेट (पट्टा आवळायची दातेरी कळ), स्क्रू झिजणारच, त्यांचे सुटे भाग मिळतात.

माप बुटाच्या नंबरावरून ठरतं, पण दोन मापांच्या सीमेवर असाल तर बूट घेऊनच दुकानात जा. टाच हीलकपला पूर्ण टेकली पाहिजे आणि बूट आडवा हलता कामा नये.

या बाइंडिंगबद्दल ‘वळताना चवडा बर्फाला घासतो’ अशी तक्रार असते, तिचं मूळ बहुधा बसवण्यात सापडतं. बूट आत घट्ट बांधून बघा: चवडा आणि टाच बोर्डाच्या कडांबाहेर सारखीच यायला हवी, दोन्हीकडे साधारण दीड-दोन सेंटिमीटर. फरक असेल तर आधी हीलकपचे बाजूचे स्क्रू सोडून तो मागेपुढे सरकवा. उरलेलं डिस्कवर, म्हणजे बाइंडिंग बोर्डाला स्क्रूने जोडणाऱ्या मधल्या गोल चकतीवर भागवा. डिस्कच्या खाचा बोर्डाच्या लांबीच्या दिशेने ठेवल्या तर दोन पायांमधलं अंतर बदलतं, आडव्या ठेवल्या तर बूट चवड्या-टाचेकडे सरकतो. दोन्ही एकदम मिळत नाही, म्हणून हीलकप आधी. शेवटी चवड्याखालची पट्टी बुटाच्या तळव्याला टेकेपर्यंत पुढे ओढा.

बाइंडिंगचा कोन सुरुवातीला पुढच्या पायाला +15, मागच्याला −6 अंश ठेवा (+ म्हणजे चवडा बोर्डाच्या पुढच्या टोकाकडे वळलेला, − म्हणजे मागच्या). कोणताही पाय पुढे ठेवून, दोन्ही बाजूंनी चालवायचं असेल तर +15 आणि −15. गुडघा दुखला तर 3-3 अंशांनी बदला.

डिस्क बोर्डावरच्या 4×4 आणि 2×4 (भोकांमधलं अंतर, सेंटिमीटरमध्ये) या दोन्ही भोकांच्या रचनेवर बसते, बर्टन कंपनीच्या चॅनेलवरही (भोकांऐवजी लांब खाच). एम6 स्क्रू चारही आधी हाताने फिरवून घ्या, मग कोपऱ्याला कोपरा असे आवळा. स्क्रू लांब असला तर बोर्डाच्या तळाला फुगवटा येतो, आखूड असला तर आटे निघतात आणि मग बोर्डच दुरुस्तीला जातो. स्क्रूड्रायव्हर तीन नंबरचा फिलिप्सच (चौफुली टोकाचा) घ्या, दोन नंबरने स्क्रूचं डोकं खराब होतं. आवळताना डिस्कभोवती तळ आत ओढल्यासारखा दिसला की जरा सैल करा. पातळ थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा द्रव) टाळा, तो प्लॅस्टिकवर गेला तर तडे जाऊ शकतात.

पहिल्या दोन-तीन उतरणींनंतर स्क्रू पुन्हा तपासा. गुलमर्गला नेत असाल तर तो स्क्रूड्रायव्हर आणि दोन जादा स्क्रू खिशातच असू द्या, कारण गोंडोल्याच्या (तिथल्या केबल कारच्या) वरच्या टप्प्यावर गेल्यावर हे सामान मागायचं कुणाकडे?