मेणाची पाटी की लाकडाचा पापुद्रा?

रोमन माणसाला चार ओळी खरडायच्या तर दोन सोयी होत्या. मेणाची पाटी, म्हणजे मेणाचा थर दिलेली लाकडी फळी, पुन्हा पुन्हा वापरता येई: लेखणीच्या टोकाने कोरा, चपट्या बाजूने पुसा. अशीच लेखणी सीझरने आपल्या हत्येच्या वेळी हल्लेखोर कास्काच्या दंडात खुपसली, असं रोमन चरित्रकार स्वेटोनियस सांगतो! लंडनमध्ये सापडलेल्या पाट्यांवरचं मेण गेलं, पण लाकडावर ओरखडे राहिले. एकीवर ८ जानेवारी, इ.स. ५७ ची १०५ डेनारींची (रोमन चांदीच्या नाण्यांची) उधारी आहे. देण्याघेण्याला पाटीच बरी.

पत्राला मात्र मी पातळ लाकडी पापुद्राच निवडेन. त्यावर शाईने लिहून घडी घालत. इ.स. १०० च्या सुमारास क्लॉडिया सेव्हेराने उत्तर ब्रिटनमधल्या विंडोलांडाच्या छावणीतल्या मैत्रिणीला, लेपिडिनाला, वाढदिवसाचं आमंत्रण धाडलं. मजकूर लेखनिकाच्या हातचा, शेवटच्या जिव्हाळ्याच्या ओळी तिच्या स्वतःच्या.