विजया: थेंब घ्यावेत की कॅप्सूल?

आईच्या केमोची तिसरी सायकल झाली आणि मळमळीच्या नेहमीच्या गोळ्या पुरेनाशा झाल्या. वैद्यांनी विजया सुचवली, तेव्हा घरात सगळे गप्प. भांगच ती! पण १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पानं त्यात येत नाहीत. म्हणून पानांच्या अर्काची आयुर्वेदिक औषधं चिठ्ठीवर रीतसर मिळतात. (दुकानातलं हेम्प सीड ऑइल वेगळं. ते बियांचं, खाण्याचं. औषध म्हणून ते आणू नका.)

आम्ही दोन्ही प्रकार वापरले. कॅप्सूलला चव नाही आणि ती बाकीच्या गोळ्यांच्या डबीत बसते. थेंब कडवट, तेलकट. आईचं तोंड वाकडं व्हायचं, आणि मोजायला मला चष्मा शोधावा लागायचा.

तरी अडलं ते कॅप्सूलपाशी. पहिल्या रात्री तास उलटला तरी फरक नाही, म्हणून आईने दुसरी मागितली. मी दिली नाही, ते फार बरं झालं. दीड तासाने ती लागू पडली आणि सकाळी आठलाही आईचं डोकं जड होतं. भिंत धरून बाथरूमला गेली. पोटात गेलेलं टीएचसी, म्हणजे भांगेतला नशा आणणारा घटक, यकृतात आणखी जोरकस रूप घेतं, म्हणून उशिरा चढतं आणि रेंगाळतं. बरं, ती कॅप्सूल अर्धीही करता येईना. थेंब जिभेखाली ठेवायचे असतात; त्यांतलंही थोडं गिळलं जातंच, पण एक थेंब कमी करता येतो. आम्ही एकेक कमी करत गेलो, आणि सकाळचा जडपणा गेला.

संशोधनाचं म्हणाल, तर केमोच्या मळमळीवर चांगला पुरावा आहे तो ड्रोनाबिनॉल, नॅबिलोन अशा प्रयोगशाळेत बनवलेल्या, टीएचसीच्या धर्तीच्या शुद्ध औषधांचा, पानांच्या अर्काचा नव्हे. त्यामुळे आमचा अनुभव तुम्हाला लागू पडेलच असं मी म्हणणार नाही. केमोच्या डॉक्टरांना मात्र आधी सांगाच. वॉर्फरिन (रक्त पातळ करणारी गोळी) चालू असेल तर नक्कीच, कारण त्याचा परिणाम वाढू शकतो.

तोंड आलं असेल तर थेंब नकोसे होतात. तेव्हा कॅप्सूलच बरी. एरवी मी थेंबच सुचवेन. आमच्याकडे जेवणानंतर वैद्यांनी ठरवलेले थेंब देतो, आणि बाथरूमचा दिवा रात्रभर चालू ठेवतो.