मेंदूच्या टीबीचा एमआरआय: सिव्हिलमागच्या स्कॅन सेंटरला चार स्टार

आमच्या वहिनींना मेंदूचा टीबी, म्हणजे टीबी मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाला टीबीमुळे येणारी सूज) निघाला आणि त्यांचे सगळे एमआरआय जिल्ह्याच्या ठिकाणी सिव्हिलच्या मागच्या गल्लीतल्या सेंटरला केले. घरात असा पेशंट असेल त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितेय, कारण गुडघ्याचा एमआरआय आणि हा एमआरआय यात लय फरक आहे. गुडघेवाला पेशंट सांगितलं की गप पडून राहतो, वहिनींना तर आपण कुठे आहोत हेच कळत नव्हतं, ताप, उलट्या, मान ताठ आणि मधेच माहेरच्या माणसांना हाका.

पहिलं कौतुक टेक्निशियन पोराचं. मंगळसूत्र, बांगड्या निघाल्या पण पायातली जोडवी काही निघेना, बोट सुजलेलं, तर त्याने स्वतः खाली बसून जेली लावून हळूहळू फिरवत काढली, कुठे ओढाताण नाही. मग डोक्याच्या दोन्ही बाजूंनी स्पंज घट्ट बसवले, कपाळावरून पट्टी घेतली, कानात बोळे घातले आणि मला पण तपासून, कानात बोळे देऊन आत त्यांच्या पायापाशी उभं राहू दिलं. "ताई, पायाला हात लावून ठेवा, त्यांना कळतं कोणीतरी आहे म्हणून," असं म्हणाला आणि खरंच त्या शांत राहिल्या. डोकं हललं की फोटो खराब, आणि इथे बघायच्या गोष्टी बारीक असतात, त्यामुळे मशीनचं चुंबक किती ताकदीचं, म्हणजे केवढ्या टेस्लाचं आहे यापेक्षा पेशंटला सांभाळणारा माणूस कसा आहे हे आधी बघा असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट कॉन्ट्रास्ट, म्हणजे फोटोत सूज उठून दिसावी म्हणून शिरेतून देतात ते इंजेक्शन. त्याआधी दुसरीकडे साधा सीटी झाला होता, त्यात काही दिसलं नव्हतं आणि आम्ही खूश झालो होतो. पण सुरुवातीला स्कॅन नॉर्मल आला म्हणून हा आजार नाही असं होत नाही, हे न्यूरोच्या डॉक्टरांनी सांगितलं, त्यांनी मणक्यातलं पाणी काढून सीबीनॅटला, म्हणजे टीबीचे जंतू शोधायच्या तपासणीला पाठवलं आणि कॉन्ट्रास्टवाला एमआरआय लिहून दिला. सेंटरवाल्यांनी क्रिएटिनिनचा रिपोर्ट बघितल्याशिवाय इंजेक्शनला हात लावला नाही, आमचा थोडा वेळ गेला पण बरोबरच केलं त्यांनी, किडनीचा प्रश्न असतो.

रेडिओलॉजिस्ट मॅडमनी मला आणि दादाला स्क्रीनसमोर बसवून दाखवलं, हे मला कुठेच बघायला मिळालं नव्हतं. मेंदूच्या तळाशी जिथे नुसतं पाणी असतं तिथे कॉन्ट्रास्टचं औषध गेल्यावर पांढरी चमक आली होती, सुजेचा घट्ट थर बसलेला. त्या थरामुळे पाण्याची वाट अडते आणि मेंदूतल्या पोकळ्या फुगतात, आणि तिथूनच जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या सुजून बंद झाल्या की आत छोटा स्ट्रोक होतो. वहिनींच्या पोकळ्या मोठ्या झाल्या होत्या आणि डिफ्यूजनच्या (ताजा स्ट्रोक दाखवणाऱ्या) फोटोत उजवीकडे आत एक चकचकीत ठिपका होता, तोच स्ट्रोक. डावा हात का उचलत नाहीत ते तेव्हा आम्हाला कळलं. पाणी वाढलंय हे मॅडमनी रिपोर्टची वाट न बघता लगेच न्यूरोच्या डॉक्टरांना फोन करून सांगितलं आणि त्याच रात्री शंट, म्हणजे मेंदूतलं जादा पाणी वाहून न्यायची नळी टाकली. या एका फोनसाठी मी त्यांची कायम आभारी राहीन.

पुढचा एमआरआय औषधं चालू असताना झाला आणि त्यात नवीन गाठी दिसल्या. ताप गेलेला, वहिनी ओळखायला लागलेल्या आणि रिपोर्टमध्ये गाठी, दादा तर खुर्चीतच बसला. इथे सेंटरचं काम परत दिसलं, कारण मॅडमनी जुने फोटो शेजारी लावून लिहिलं होतं की तळाची सूज कमी आहे, पाणी कमी आहे, गाठी मात्र नवीन. न्यूरोचे डॉक्टर म्हणाले की औषध लागू पडत असताना पण अशा गाठी येतात, शरीराची प्रतिक्रिया असते ती, टीबीच्या गोळ्या तशाच ठेवल्या आणि स्टिरॉइड कमी करत होते ते परत वाढवलं. तुलना न करता नुसत्या गाठी लिहिल्या असत्या तर आम्ही घाबरून दुसऱ्याच डॉक्टरकडे पळालो असतो. म्हणून जुनी सीडी आणि फिल्म प्रत्येक वेळी घेऊन जा, वर्षभराचं औषध आहे, स्कॅन परत लागतात.

एक स्टार कापला तो का, तर लेखी रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाला आणि कॉन्ट्रास्टचे पैसे वेगळे आहेत हे फोनवर सांगितलं नव्हतं. वेटिंगमध्ये आडवं व्हायला एक पण बाकडं नाही, शुद्ध हरपत चाललेला माणूस खुर्चीत कसा बसवायचा? स्ट्रेचर मागच्या दाराने न्या, पुढच्या पायऱ्यांवरून जात नाही. आणि पेशंट फारच हालचाल करत असेल तर भूल द्यावी लागते, भूलतज्ज्ञ तिथे रोज नसतात, अपॉइंटमेंट घेतानाच विचारून घ्या आणि किती तास उपाशी ठेवायचं ते पण.