लिनक्सवर यूएसबी-सिरियल अडॅप्टर: एफटीडीआय घ्यावा की सीएच३४०?

लिनक्ससाठी यूएसबी-सिरियल अडॅप्टर (संगणकाच्या यूएसबी पोर्टातून बोर्डाच्या सिरियल तारांशी बोलणारं छोटं उपकरण) घेताना पहिला प्रश्न येतो तो "ड्रायव्हर मिळेल ना?" हा. ती चिंता सोडाच. अडॅप्टरच्या आत असतात त्या एफटीडीआय, सीएच३४०, सीपी२१०२ आणि पीएल२३०३ या चारही चिपांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच आहेत. खोचा आणि डीमेसेज (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) बघा, टीटीवाययूएसबी० या नावाने अडॅप्टर आलेला असतो. निवड करायची ती दुसऱ्याच गोष्टींवरून.

एकाच मशीनला तीन अडॅप्टर लावून पाहा, म्हणजे कळेल. अस्सल एफटीडीआय चिपमध्ये तिचा स्वतःचा सिरियल नंबर असतो. त्यामुळे बाय-आयडी फोल्डरमध्ये (इथे लिनक्स उपकरणांना त्यांच्या ओळखीवरून नावं देतं) प्रत्येकाला कायमचं नाव मिळतं आणि केबल कुठल्याही पोर्टात गेली तरी स्क्रिप्ट चुकत नाही. सीएच३४० मध्ये बहुधा नंबरच नसतो; आधी ओळखला गेला तो टीटीवाययूएसबी०, नंतरचा टीटीवाययूएसबी१. बाय-पाथ (पोर्टाच्या जागेवरून ठरणारं नाव) वापरून निभावता येतं, पण मग पोर्ट बदलायचा नाही. सीपी२१०२ ची तर गंमतच: नंबर असतो, पण बऱ्याच बोर्डांवर सगळ्यांचा एकच, ०००१!

मॉडबससारखं (कारखान्यातल्या यंत्रांशी बोलण्याची पद्धत) सवाल-जवाबाचं काम असेल तर एफटीडीआयची एक खोड माहीत हवी. थोडासाच डेटा आला तर चिप तो १६ मिलिसेकंदांपर्यंत धरून ठेवते. सिसएफएसमधल्या (कर्नलच्या सेटिंग्ज फाइलींसारख्या दाखवणारी जागा) लेटन्सी टायमर या फाइलीत १ लिहिलं की फरक लगेच जाणवतो. मात्र एफटीडीआयच्या नकला भरपूर आहेत. २०१४ साली एफटीडीआय कंपनीच्या विंडोज ड्रायव्हरने नकली चिपांचा प्रॉडक्ट आयडी (ज्यावरून संगणक चिप ओळखतो तो क्रमांक) शून्य करून टाकला होता. लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये नंतर तो शून्यही जोडला गेला, म्हणजे तिथे अशा चिपाही ओळखल्या जातात.

सीएच३४० लावला, क्षणभर दिसला आणि गायब झाला? उबुंटू २२.०४ वर हे हमखास होतं. ब्रेल डिस्प्लेसाठीची (अंध व्यक्तींना बोटांनी वाचता येणारा पडदा) बीआरएलटीटीवाय ही सेवा त्याला आपलंच उपकरण समजून ताब्यात घेते. ब्रेल वापरत नसाल तर ते पॅकेज काढून टाका.

पीएल२३०३ मुद्दाम विकत घेऊ नका. मात्र नव्या विंडोज ड्रायव्हरने नाकारलेला जुना एखादा घरात पडून असेल तर लिनक्सवर तो निमूट चालतो.

माझं मत विचाराल तर एखाद्या बोर्डाचा कन्सोल (बोर्ड सिरियलवर पाठवतो ते संदेश) बघायला सीएच३४० पुरे. कायम जोडून ठेवायचं असेल, किंवा अडॅप्टर एकाहून जास्त असतील, तर एफटीडीआय, तोही खात्रीच्या विक्रेत्याकडूनच.

"परवानगी नाही" असा संदेश आला तर चिपला दोष देऊ नका. डेबियन-उबुंटूवर डायलआउट आणि आर्चवर यूयूसीपी गटात स्वतःला घाला, मग लॉगआउट करून परत या. व्होल्टेजही आधी तपासा, ३.३ व्होल्टच्या बोर्डाला आरएस-२३२ (जास्त व्होल्टेजचा जुना सिरियल पोर्ट) थेट जोडला तर बोर्ड जळू शकतो. तरीही शंका राहिली, तर अडॅप्टर बोर्डापासून सोडवा, त्याच्याच टीएक्स (पाठवणारी) आणि आरएक्स (घेणारी) पिना एका वायरने जोडा, टर्मिनल प्रोग्राममधला फ्लो कंट्रोल (डेटा थांबवण्या-सोडण्याची सोय) बंद ठेवा आणि टर्मिनलमध्ये काहीतरी टाइप करा. अक्षरं परत आली तर अडॅप्टर ठणठणीत आहे, घोळ पलीकडच्या बाजूला आहे.