चिठ्ठी नाही तर तोड नाही : ‘मेमॉयर ४४’ आठ महिने खेळल्यावर

दिवाळीत बोनस झाला तेव्हा घेतलेली ‘मेमॉयर ४४’ या पटावरच्या युद्धखेळाची पेटी. आता जुलैत तिच्या दोन कोपऱ्यांना चिकटपट्टी आहे आणि आत खेळाच्या सामानावर अण्णांची दोनशेपानी वही ठेवलेली आहे. वहीत आजवरच्या ६१ डावांची नोंद: तारीख, लढाई, कोण कुठल्या बाजूला, पदकं किती. मी ३३, अण्णा २८. त्यातले माझे दोन डाव अण्णा मान्य करत नाहीत, कारण तेव्हा आम्ही जंगलाचा नियम चुकीचा वाचला होता. असो.

खेळ दोघांचाच. एकानं दोस्त सैन्य घ्यायचं, दुसऱ्यानं जर्मन. दुसऱ्या महायुद्धात ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेली फौज आणि तिथून पुढं फ्रान्स, बेल्जियमकडं सरकत गेलेल्या लढाया, हा विषय. रिचर्ड बोर्ग यांनी तयार केलेला हा खेळ २००४ मध्ये, म्हणजे त्या स्वारीला साठ वर्षं झाली त्या साली आला. पट षटकोनी घरांचा, मधाच्या पोळ्यासारखा. त्यावर टेकड्या, जंगल, गावं, नदी यांच्या चकत्या मांडायच्या आणि प्लास्टिकचे सैनिक उभे करायचे. पायदळाच्या तुकडीत चार, रणगाड्यांच्या तीन, तोफांच्या दोन. समोरची तुकडी पूर्ण संपवली की एक पदक. ठरलेली पदकं आधी मिळवेल तो जिंकला. डाव पाऊण तासात आटोपतो.

हे सगळं कुठंही वाचायला मिळेल. मला सांगायचंय ते पत्त्यांबद्दल.

पट डावा, मधला आणि उजवा अशा तीन भागांत विभागलेला आहे. आपल्या पाळीला हातातला एक पत्ता टाकायचा. पत्ता म्हणतो, ‘डावीकडच्या दोन तुकड्या’, तर डावीकडच्या दोनच हलणार. मधे तुमचा रणगाडा शत्रूच्या तोफेला खेटून उभा असला तरी तो तसाच उभा राहणार. अण्णा आयुष्यभर बुद्धिबळ खेळलेले. पहिल्या दिवशी त्यांच्या हातात चारही पत्ते उजवीकडचे आले आणि उजवीकडं माणूस एकच. पत्ते पटावर टाकले आणि म्हणाले, “हा कसला खेळ? माझं सैन्य आणि मलाच हलवता येईना?”

आठवडाभर पेटी कपाटावर. मग एका रात्री जेवण झाल्यावर त्यांनी स्वतःच काढली. अण्णा साखर कारखान्याच्या शेती खात्यातून रिटायर झालेत, चिटबॉय म्हणून, म्हणजे शेतकऱ्यांना ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारे म्हणून, लागले होते. म्हणाले, “लेका, ही तर आमची चिठ्ठी हाय. टोळी असती तर ट्रॅक्टर नसतोय, ट्रॅक्टर आला तर वाट चिखलाची, आणि समदं जमलं तर त्या प्लॉटची चिठ्ठीच निघालेली नसती. चिठ्ठी नाही तर तोड नाही.” त्या दिवसापासून आमच्या घरात या पत्त्यांना चिठ्ठी म्हणतात. तोड कुठं लागणार हे चार दिवस आधी ओळखून टोळ्या हलवायच्या, हे काम अण्णांनी तीस-बत्तीस वर्षं केलंय. त्यामुळं पुढच्या महिन्यात मी सलग सात डाव हरलो यात नवल नाही.

त्यांनी काढलेली एक युक्ती नवीन खेळणाऱ्यांना देतो. तीन भाग पाडणाऱ्या तुटक रेषा घरांच्या मधून जातात. रेषेवरच्या घरात उभी असलेली तुकडी दोन्ही भागांत धरतात. म्हणजे मधली चिठ्ठी निघाली तरी ती हलते, डावी निघाली तरी हलते. अण्णांच्या निम्म्या तुकड्या कायम रेषेवर. “बांधावरचं झाड,” म्हणतात, “दोघांचंबी.” दुसरं म्हणजे टेहळणीचा पत्ता. एकच तुकडी हलते म्हणून तो मी कायम कमी लेखायचो. पण तो टाकला की नवा पत्ता घेताना दोन उचलून एक ठेवता येतो. हात खराब असेल तर हल्ल्यापेक्षा तोच कामाचा.

फाशांचा हिशेबही अण्णांनी वहीच्या शेवटच्या पानावर मांडलाय. सहा बाजू: दोन पायदळाच्या, एक रणगाड्याची, एक हातबॉम्बची, एक तारा, एक झेंडा. पायदळावर मारताना पायदळ किंवा हातबॉम्ब लागतो, म्हणजे सहात तीन. रणगाड्यावर सहात दोन. तोफेवर फक्त हातबॉम्ब, सहात एक. म्हणून शेजारी उभं राहून तीन फासे टाकले तर पायदळाचा सरासरी दीड माणूस पडतो, तोफेचा अर्धा. एवढं डोक्यात बसलं की तोफेमागं उगाच धावणं बंद होतं.

झेंड्याचं मात्र गणित वेगळं. झेंडा आला की समोरच्या तुकडीनं एक घर मागं हटायचं. हटायला जागा नसेल तर एक माणूस द्यायचा. जानेवारीतल्या एका डावात माझी तिघांची तुकडी नदीला पाठ लावून उभी होती, शेजारच्या दोन्ही घरांत माझीच माणसं. मला वाटलं, मागून धोका नाही, जागा झकास. अण्णांनी दोन घरं लांबून दोन फासे टाकले. दोन्ही झेंडे. नेम एकाचाही लागला नाही, तरी माझे दोन गडी पाण्यात. अण्णांनी बोटानं ते दोन्ही सैनिक आडवे केले आणि विचारलं, “पुराच्या वक्ताला पंचगंगेकडं पाठ करून कोण झोपतंय?” अजून ऐकवतात.

लढाया सारख्या तोलाच्या नाहीत, हे घेण्याआधी माहीत असू द्या. पुस्तिकेतली पहिलीच लढाई पेगॅसस पुलाची. ५ जूनच्या रात्री मेजर जॉन हॉवर्ड यांचे सैनिक सहा ग्लायडरांतून निघाले आणि मध्यरात्रीनंतर उतरले. त्यातलं एक भलतीकडंच उतरलं, पण कान शहराजवळच्या कालव्यावरचा हा पूल त्यांनी दहा-एक मिनिटांत घेतला. पहारेकरी बेसावध होते. म्हणून खेळात सुरुवातीला दोस्तांकडं सहा पत्ते आणि जर्मनांकडं दोनच. अण्णा जर्मन होते. दोन पत्ते उलटसुलट करून बघितले आणि म्हणाले, “अमावस्येची सुट्टी हाय काय आज?” उपाय पुस्तिकेतच दिलाय: एकदा खेळायचं, बाजू बदलून पुन्हा खेळायचं आणि दोन्हींच्या पदकांची बेरीज करून निकाल लावायचा. आम्ही तसंच करतो. एकच डाव खेळून ‘हा खेळ अन्यायाचा आहे’ म्हणणाऱ्यांचं मला काही पटत नाही.

पण नशीब आहेच, ते लपवत नाही. ओमाहा किनाऱ्याच्या लढाईत समोर बंकर, आपण समुद्रातून एकेक घर सरकत वर येणार, आणि हातात किनाऱ्याच्या भलत्याच टोकाचे पत्ते. वाळूवर माणसं मरताना बघायची. हा डाव मी चार वेळा दोस्तांकडून खेळलो आणि एकदाच जिंकलो. ज्याला हरल्यावर स्वतःची चूक शोधून काढल्याशिवाय झोप येत नाही त्यानं बुद्धिबळच खेळावं.

बाकी तक्रारी किरकोळ. मांडायला पंधरा-वीस मिनिटं जातात. चकत्या वेगवेगळ्या पिशव्यांत भरून ठेवल्या तर दहा. ज्या दुकानातून मागवला त्यानं पेटी नुसत्या कागदात गुंडाळून पाठवली, कोपरे त्यातच गेले. फोन केला तर ‘आतला माल चांगला आहे ना?’ हे उत्तर. माल चांगला होता. पत्त्यांना मात्र प्लास्टिकची कव्हरं पहिल्याच दिवशी घाला. आमचं घर कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतलं जुनं, पावसाळ्यात भिंतींना ओल येते, आणि अण्णा खेळताना शेंगदाणे खातात. पत्ते इंग्रजीत आहेत, पण मजकूर दोन-तीन ओळींचा. आठ-दहा डावांत चित्रावरून ओळखू येतात. आईनं एकही डाव न खेळता निम्मे पाठ केलेत.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. मूळ पेटीत इटली नाही. १९४४ मध्येच १० जुलैला तिथल्या टायबर नदीच्या खोऱ्यात मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे एकटे जर्मन मशीनगनवर धावून गेले आणि तिथंच पडले. पुढच्या एप्रिलात सेनियो नदीच्या बांधावर शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्यांना पाण्यातून अलीकडं आणून ठेवलं आणि परत जाऊन मशीनगनची ठाणी बंद केली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक. बेळगावचं मराठा सेंटर आमच्यापासून दोन-अडीच तासांवर, आणि आम्ही रोज रात्री सतरंजीवर फ्रान्स सोडवतोय.

त्यातूनच जूनमध्ये अण्णांनी टूम काढली: घोडखिंड मांडायची. पन्हाळा इथून वीसेक किलोमीटर, त्यामुळं नकाशावरून भांडायला घरातले सगळेच लायक. टेकड्यांच्या दोन रांगा, मधे दोन घरांची वाट, कडेनं जंगल. खिंडीत बाजीप्रभूंच्या तीन तुकड्या, मागून सिद्दी मसूदची फौज. रणगाड्यांना घोडदळ ठरवलं, पण जुलैचा पाऊस आणि चिखल म्हणून तीनाऐवजी दोनच घरं चाल. खिंडीतल्या तुकड्यांना झेंडा लागू नाही. मागं हटणार नाहीत.

अडलं ते तोफेपाशी. महाराज विशाळगडावर पोचल्याची तोफ ऐकेपर्यंत खिंड धरायची. मी म्हटलं, दहा पाळ्या धरल्या की मराठे जिंकले. अण्णा ऐकेनात. “बाजीप्रभूला काय ठावं दहाव्या पाळीला तोफ हुणार म्हणून? गडाच्या पायथ्याला सुर्वे आणि दळवी वाट अडवून बसल्यात. ती फोडल्याबिगर महाराज वर जाणार कसं?” शेवटी ठरलं की सहाव्या पाळीपासून प्रत्येक वेळी एक फासा टाकायचा, तारा आला की तोफ झाली. सहात एक.

१३ जुलैला रात्री खेळलो. मी मसूद. तेराव्या पाळीपर्यंत तारा नाही आणि खिंडीत शेवटच्या तुकडीतला एकच मावळा. अण्णांनी शेंगदाणे बाजूला सारलेले. चौदाव्या पाळीला फासा टाकला, तो सतरंजीच्या घडीत तिरका अडकला, वर अर्धा तारा आणि अर्धा झेंडा. मी म्हटलं, परत टाका. अण्णा म्हणाले, तोफ झाली. वहीत निकालाचा रकाना अजून मोकळा आहे.