फुकटची तीन प्रवाळं

गोड्या पाण्याच्या टाक्या मी पंधरा-सोळा वर्षं सांभाळतोय, त्यामुळे नवशिका होतो म्हणून फसलो असं म्हणायची सोय नाही. मागच्या वर्षी बोनस हातात आला आणि जुनं वेड उफाळून आलं. मुलुंडच्या घरात, हॉलच्या भिंतीला लागून ४ × २ × २ फुटांची रीफ टाकी, म्हणजे समुद्री मासे आणि प्रवाळांची टाकी करायची. साडेचारशे लीटर खारं पाणी.

ओळखीतून एक सेटअप करून देणारा मिळाला. टाकी, सम्प (खालची गाळणीची टाकी), स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), पाणी थंड ठेवणारा चिलर, मीठ, लाइव्ह रॉक (उपयोगी जिवाणू रुजलेले समुद्री दगड), सगळं दीड लाखात. "पक्कं बिल हवं असेल तर जीएसटी वेगळा पडेल सर." कोथिंबिरीच्या जुडीला पाच रुपये कमी करून घेणारा मी, मला ते एकदम पटलं. रोख मोजून दिले. पावती म्हणून त्याने वहीचं एक पान फाडून 'सेटअप १,५०,०००' एवढं लिहून दिलं. सही नाही, तारीख नाही.

टाकी भरली त्या दिवशी त्याने पिशवीतून तीन प्रवाळं काढली. "ही माझ्याकडून भेट, सर." निळ्या दिव्याखाली ती अशी उजळली की बायकोही स्वयंपाकघरातून बाहेर आली. त्याने मला टाकीशेजारी उभं करून फोटो काढले. वर एक बाटली दिली, जिवाणूंची. तिसऱ्या दिवशी मासे सोडा म्हणाला.

माशांच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया पचवणारे जिवाणू टाकीत रुजायला चार-सहा आठवडे जातात, हे मला ठाऊक होतं. ऐकलं मात्र त्याचं. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास, आणि त्या पाण्यात अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी विषारी ठरतो. पाचव्या दिवशी पहाटे दोन्ही क्लाऊनफिश पृष्ठभागाशी तोंड उघडून धापा टाकत होते. दुपारपर्यंत गेले. ब्लू टँग दुसऱ्या दिवशी.

तो म्हणाला, "लाइव्ह रॉक आहे ना, सावरेल आपोआप." म्हणून एक दगड बादलीत घेऊन जुन्या टूथब्रशने घासला. लाइव्ह रॉकवरचा जांभळा थर हा शेवाळाचा असतो, दगडाला चिकटून वाढलेला, नखाने खरवडला तरी सहज सुटत नाही. माझ्या बादलीतलं पाणी दोन मिनिटांत जांभळं झालं. बायको म्हणाली, "अहो, होळी खेळताय का?" खालून पांढराफटक, निर्जीव दगड निघाला.

मग मिठाचा संशय आला. आणलं होतं साध्या पांढऱ्या गोणीतून, 'इम्पोर्टेड, सुटं स्वस्त पडतं' म्हणून. रीफच्या पाण्यात कॅल्शियम साधारण ४०० ते ४५० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) लागतं. माझ्या टाकीत शंभराच्याही खाली. खारेपणा मात्र अगदी बरोबर. हायवेवरून जाताना जी मिठागरं दिसतात तिथे पाणी आटताना कॅल्शियम जिप्समच्या रूपात आधीच खाली बसतं. मॅग्नेशियम उरलेल्या पाण्याबरोबर निघून जातं. हाती उरतं ते स्वयंपाकाचं मीठ. मी त्याच मिठाच्या पाण्यात रीफ मांडून बसलो होतो. चिलरही जुनाच, वरून रंगवलेला. त्याचं आता सांगत नाही, रक्तदाब वाढतो.

पैसे परत मागितले. दोन दिवस फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी मेसेज आला: माझेच ते फोटो, टाकीशेजारी हसत उभा असलेला मी आणि मागे तीन प्रवाळं. खाली एक ओळ: "तक्रार कुठे करणार सर, माल तुमच्या घरात आहे."

तेव्हा कुठे कायदा वाचला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत कठीण, म्हणजे दगडी सांगाड्याची प्रवाळं आहेत, माझी तिन्ही तसलीच, म्हणजे वाघाच्याच पंगतीत. नुसता सांगाडा बाळगला तरी गुन्हा, शिक्षा तीन ते सात वर्षं. भेट कशासाठी होती ते कळलं. माझं तोंड बंद ठेवायची सोय त्याने पहिल्याच दिवशी, माझ्याच हॉलमध्ये करून ठेवली होती.

कुणी सेटअप करून देताना 'कागदपत्रं आहेत' म्हणत कठीण प्रवाळ पुढे केलं, तर तिथेच व्यवहार मोडा. फुकट देत असेल तर आधी मोडा. मीठ सीलबंद, कंपनीचं नाव असलेलंच घ्या. दगड पैसे देण्याआधी बादलीत घासून बघा, दुकानदार चिडला तरी. आणि जीएसटी भरा हो.

वकील मित्राने एकच सांगितलं: फेकू नकोस, लपवू नकोस, स्वतः वनखात्यात जा. तोवर तिन्ही प्रवाळं पांढरी पडून मेली होती. सांगाडे डब्यात घालून गेलो, सगळं लेखी दिलं. जबाब घेताना अधिकाऱ्यांनी बिल मागितलं. मी ते वहीचं पान पुढे केलं. त्यांनी ते उलटं केलं, जे मी इतक्या दिवसांत एकदाही केलं नव्हतं. मागे दुसऱ्याच कुणाच्या तरी टाकीचं माप लिहिलेलं होतं: ६ × २ × २.